परमुलखातील पत

'पत' हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पेढीवर कर्ज मिळते तीही पत, आणि चार माणसांत शब्दाला मान असतो तीही पतच. ज्याच्या आजोबांस गावाने ओळखले, त्याच्या नातवास बाजारपेठेत जामीन शोधीत हिंडावे लागत नाही. पण ही मिळकत शेतजमिनीसारखी स्थावर आहे. माणूस उठून परमुलखात गेला, तरी ती जागची हलत नाही. उभा जन्म बँकेत काढलेल्या मजला याचा खरा प्रत्यय आमच्या सूनबाईने धाडलेल्या पत्रांवरून आला.

सूनबाई म्हणजे माझ्या धाकट्या बंधूंची सून. येथेच रत्नागिरीत एका राष्ट्रीयीकृत बँकेत ती नऊ वर्षे अधिकारी होती. बँकिंगच्या जेएआयआयबी व सीएआयआयबी या दोन्ही परीक्षा तिने संसार सांभाळून दिल्या होत्या. तिच्याकडे कर्जविभाग असे. आंबा बागायतदाराच्या कागदांपेक्षा त्याच्या कलमांवरील मोहोर आणि फवारणीची वेळ ती आधी पाही. मिरकरवाड्यातील मच्छीमाराची नौका मोसमात किती दिवस खरोखर समुद्रात जाते, याची चौकशी करी. पुढे 2016 साली चिरंजीवांस टोरंटो येथे नोकरी लागली, आणि तिने राजीनामा दिला. घरात त्या वेळी बरीच चर्चा झाली. कोकणी माणसास घर सोडणे नवे नाही. मुंबईच्या मनीऑर्डरीवर येथल्या कित्येक चुली पेटल्या. परंतु खुर्ची सोडून जाणे आमच्या वडीलधाऱ्यांस रुचेना.

तेथे गेल्यावर तिने पाच महिने अर्ज केले. बहुतेक ठिकाणांहून उत्तर आले नाही. एका कचेरीने मात्र 'आपणांस कॅनडातील अनुभव नाही' असे स्पष्ट कळविले. काम मिळाल्यावाचून अनुभव नाही, आणि अनुभवावाचून काम नाही! हा प्रकार केवळ तिच्याच वाट्यास आला असे नव्हे. ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने 2013 सालीच अशी सरसकट अट सकृद्दर्शनी भेदभावाची ठरविली होती. 1 जानेवारी 2026 पासून त्या प्रांतात पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांस ही अट जाहिरातीत घालण्यास कायद्याने बंदी झाली आहे. मौज अशी की, बँका तेथे केंद्राच्या कायद्याखाली येत असल्यामुळे हा प्रांतिक निर्बंध त्यांस लागू होत नाही.

दुसरा अनुभव अधिक बोचरा होता. त्या देशात प्रत्येकाच्या पतीचा आकडा 300 ते 900 या मर्यादेत मांडलेला असतो, व इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन कंपन्या त्याचे दफ्तर सांभाळतात. नवागताचे त्या दफ्तरात पानच नसते. येथे लक्षावधी रुपयांच्या कर्जांची छाननी करणाऱ्या आमच्या सूनबाईस पाचशे डॉलर आधी अनामत ठेवून पाचशे डॉलरांचे क्रेडिट कार्ड घ्यावे लागले. "अण्णा, आज मी ऋणको कशी असते ते शिकले," असे तिने मला लिहिले होते.

अखेरीस 2017 च्या आरंभी एका बँकेत काम मिळाले. तेही काउंटरवर आणि आठवड्यास वीस तासांचे. आमच्या वहिनींस हे कळताच त्या म्हणाल्या, "येथे सही करणारी पोर तेथे नोटा मोजीत बसणार होय?" वहिनींचे दुःख खोटे नव्हते. नऊ वर्षांची सेवाज्येष्ठता एका दिवसात शून्यावर आली होती, आणि त्याची भरपाई कोणत्याही वेतनचिठ्ठीत दिसत नाही. 'पुढे सर्व भरून निघते' असे जे लोक सहज बोलतात, त्यांच्याशी माझे कधीच पटले नाही. तरीही तिने सल्ला विचारला तेव्हा मी 'जा' असेच कळविले. काउंटरवर बसल्यावाचून कोणते गाव कसे खर्च करते हे कळत नाही. येथे मीही तेथूनच आरंभ केला होता.

काउंटरवर तिला अनेक गोष्टी पुन्हा शिकाव्या लागल्या. पैसे देण्यापूर्वी हिमवर्षावाविषयी दोन शब्द बोलावेत, हा तेथला शिष्टाचार. आपल्याकडे घराचे कर्ज एकदा वीस वर्षांसाठी घेतले की कागद कपाटात जातो. तेथे फेड पंचवीस वर्षांची असली, तरी करार बहुधा पाच वर्षांचाच असतो व प्रत्येक वेळी नव्या दराने पुन्हा करावा लागतो. घराच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून कमी रक्कम स्वतः भरली, तर कर्जाचा विमाही उतरावा लागतो. शिवाय निवृत्तीची व करसवलतीची खाती निराळीच. बँकेच्या साध्या नोकरीस परवाना लागत नाही; पण ग्राहकास म्युच्युअल फंड विकावयाचे, तर परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक. तिने कॅनेडियन सिक्युरिटीज कोर्स निवडला. त्या वेळी त्याचे शंभर-शंभर प्रश्नांचे दोन पेपर असत, व उत्तीर्ण होण्यास साठ टक्के गुण लागत. मुलास निजवून रात्री अभ्यास करून तिने 2018 साली ते दोन्ही दिले. पुढल्या वर्षी ती सल्लागार झाली.

अशा प्रसंगी आमच्याकडे विक्रम पंडितांचे नाव हमखास निघते. नागपुरास 1957 साली जन्मलेला हा मराठी मुलगा सोळाव्या वर्षी अमेरिकेस गेला, 1983 साली मॉर्गन स्टॅन्लेत शिरला आणि डिसेंबर 2007 मध्ये सिटीग्रुपचा मुख्याधिकारी झाला. कर्तृत्व थोर खरेच. पण ते कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून त्या देशात गेले. त्यांची पदवी तेथली, गुरुजन तेथले, ओळखीही तेथल्याच. तिशी ओलांडून, कडेवर मूल घेऊन जाणारीस तो दरवाजा मोकळा नसतो. तिच्याशी त्यांची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

2022 पासून ती लहान व्यापाऱ्यांची कर्जे पाहते. मागील महिन्यातील पत्रात तिने एका किराणा दुकानदाराची हकीकत लिहिली आहे. गृहस्थ दोनच वर्षांपूर्वी त्या देशात आलेला. आकडा बेताचा, म्हणून यंत्राने अर्ज बाजूस काढलेला. नियमात तशी सक्ती नसता ती शनिवारी स्वतः त्याच्या दुकानी गेली, माल किती दिवसांत हलतो हे विचारले, उधारीची वही मागून घेतली, आणि आपली शिफारस लिहून वर पाठविली. निकाल अद्याप लागावयाचा आहे. वहिनी मात्र रोज विचारतात, त्या दुकानदाराचे काय झाले?