लाल मुंगी म्हणजे नेमकी कोणती?

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं, की जांबोटीनंतर झाडी दाट होते. तिथल्या एका वाडीत मामांची काजूची बाग आहे. मार्चमध्ये गेलो, तर मामा मुंग्यांची पावडर घेऊनच निघाले होते. आदल्या दिवशी नातवाच्या पायाला लाल मुंग्या डसल्या होत्या, सकाळी तिथं पांढऱ्या पुटकुळ्या उठल्या. मामांचा राग काजूवरच्या हुमल्यांवर!

"मामा, आधी बघूया तरी," म्हणत मी भिंग काढलं.

हुमला लांब पायांचा, पानं जोडून झाडावर घरटं करणारा. तो कडकडून चावतो, वर आम्ल सोडतो. पण त्याला नांगी नसते. अशा पुटकुळ्या त्याच्या नव्हेत. पोरगा उभा होता बांधापाशी. तिथल्या भुसभुशीत मातीत काडी घातली, तर लहान, मधल्या, मोठ्या अशा सगळ्या मापांच्या मुंग्या काडीवर चढल्या. मोठीचं डोकं चौकोनी, मधोमध खाच असलेलं. हीच अग्निमुंगी.

चार पावलांवर तशाच आणखी मुंग्या होत्या. पण त्यांच्यात मापं दोनच, बारीक कामकरी आणि मोठ्या डोक्याच्या. भिंगाखाली पाठीवर दोन काटेही दिसले. शंका उरली, तर मेलेल्या मुंगीच्या मिशीचे भाग मोजावेत. अग्निमुंगीला 10, त्यांतले टोकाचे 2 जाड. या दुसरीला बहुधा 12, टोकाचे 3 जाड.

अग्निमुंगीची एक जास्त उपद्रवी बहीण 2001 मध्ये ब्रिस्बेनला सापडली, 2023 मध्ये सिसिलीत वसल्याची नोंद झाली. तिच्या तोंडावरच्या पट्टीच्या कडेला मधोमध एक दात असतो. आपल्याकडच्या अग्निमुंगीला तो नसतो. हे मात्र सूक्ष्मदर्शकाचं काम.

गंमत म्हणजे आपली अग्निमुंगीही पाहुणीच. 2015 च्या एका जनुकीय अभ्यासानुसार ती सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोहून मनिलाला उतरली आणि जगभर पसरली. काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. इथला मूळचा काय तो हुमला; आणि काजूचा मोहोर वाळवणाऱ्या ढेकण्याला तोच हुसकावतो.

मामांनी पावडरीचा डबा परत गोठ्याच्या फळीवर ठेवला. बांधावर मुलांनी अनवाणी जायचं नाही, आणि डसल्यावर दम लागला किंवा तोंड सुजलं, तर थेट दवाखाना, एवढं ठरलं. हुमले मात्र झाडावरच राहिले. काजू काढताना ते मामांना अजूनही चावतात. मामा शिव्या देतात, पण पावडर काढत नाहीत.