विकायचा, पण कधी?

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच लागली की प्रत्येक जण मॅनेजर होतो. "ह्याला विका रे, म्हातारा झाला!" ही आरोळी तर ठरलेली. आमच्या विंगमधले काही महाभाग सबमिशनच्या आदल्या रात्रीही यावरच भांडत बसतात. मी वेल्ह्याकडचा (सरकारदरबारी आता राजगड तालुका). आमच्याकडे फुटबॉल क्लब नाही. विकण्याजोगा भरातला गडी म्हणजे बैल! आणि तो कधी विकायचा यावरून घरात टीव्ही रूमपेक्षा मोठी भांडणं होतात.

बैलाचं वय दातांवरून कळतं. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला. जुळला की भर ताकदीत, भावही तेव्हाच वर. पुढे उतरणच. शिवाय २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील. फुटबॉलवाल्यांचंही तेच. करार संपेपर्यंत थांबलात, तर खेळाडू फुकटात जातो.

माझी बारावी झाली त्या वैशाखात आमच्या जोडीतल्या उजव्या बैलाला भोरकडचं गिऱ्हाईक आलं. भाव उत्तम, आणि इकडे माझ्या ॲडमिशनचे पैसे भरायचे होते. वडील तयार झाले. आबा, म्हणजे माझे आजोबा, एवढंच म्हणाले, "मग चिखलणी कोण करणार? डावा एकटाच?" भाताच्या खाचरात एका बैलाचं काही चालत नाही, आणि नवीन आणला तरी डाव्याच्या चालीशी त्याची चाल जुळायला वेळ लागतो. शेवटी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली. घरचं खोंड पावसाळाभर हलक्या कामाला जुंपून तयार केलं आणि बैल दिवाळीनंतर विकला. आठ हजार कमी आले. वडील ते आठ हजार अजून काढतात!

मला मात्र आबांचं पटतं, ते ह्यूगो बुमूसमुळे. २०१९-२० च्या आयएसएलमध्ये एफसी गोवा साखळीत पहिला आला. बुमूसने ११ गोल केले, १० करून दिले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लगेच मुंबई सिटीने त्याला उचललं. बातम्यांत १ कोटी ६० लाखांचा आकडा होता. गंमत म्हणजे ही रक्कम करारातच लिहिलेली होती. तेवढे पैसे टाकले की गोव्याला नाही म्हणायची सोय नाही. गोठ्यातल्या बैलाच्या शिंगाला आधीच भावाची चिठ्ठी बांधून ठेवल्यासारखं! अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई आणि कोच सर्जिओ लोबेराही मुंबईलाच गेले. म्हणजे अख्खी जोडीच, कासऱ्यासकट. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळी आणि कप दोन्ही जिंकले. उपांत्य फेरीत हरवलं ते गोव्यालाच, तेही पेनल्टीवर.

मग मुंबईने काय करावं? २०२१ मध्ये बुमूसला एटीके मोहन बागानला विकून टाकलं. पैसे चांगले आले असणार, पण त्याच्या जागी तसा कुणी तयार नव्हता. पुढच्या मोसमात मुंबई पाचवी, पहिल्या चारांतही नाही. लोबेराही तेव्हा गेला होता, त्यामुळे सगळं खापर या एका विक्रीवर फोडता येणार नाही. पण २०२२ मध्ये जमशेदपूरचा ग्रेग स्टुअर्ट आला आणि २०२२-२३ ची साखळी मुंबईने पुन्हा जिंकली. म्हणजे खोंड आलं, पण मधला एक पावसाळा वाया गेला.

नुसतं वय बघूनही भागत नाही. गोव्याने २०२० मध्ये ३७ वर्षांच्या कोरोला सोडलं आणि त्याच्या जागी आणला ३६ वर्षांचा इगोर अँग्युलो! विंगमध्ये हसू झालं असतं. त्याने १४ गोल करून गोल्डन बूट नेला.

आमच्या पुणेकर मंडळींचा प्रश्न मात्र २०१९ मध्येच सुटला. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. खेळाडू विकायचा की ठेवायचा, हे ठरवायला गोठा तरी हवा ना!

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आबांना बुमूसची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "त्याच्या जोडीला होता तो जाहू? त्याला कोणी ठेवला?"