वायुदलप्रमुख घडतो कुठे?

संपादकांची मागणी सरळ होती. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावच्या घराण्यातले विवेक राम चौधरी लढाऊ वैमानिकाचे वायुदलप्रमुख कसे झाले ते सांगा, फार तांत्रिक नको. मी वैमानिक नव्हतो. जमिनीवर रडारसमोर बसून लढाऊ विमानांना वाट दाखवणारा अधिकारी, म्हणजे फायटर कंट्रोलर, म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर मी भिलाईला, वडिलांच्या पोलाद कारखान्याच्या गावी, परतलो. ही वाट मी जमिनीवरून पाहिली आहे, तेव्हा जमिनीवरूनच सांगतो.

भिलाईकरांना मिग विमान परकं वाटायचं कारण नाही. ज्या सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार होऊन आपला कारखाना उभा राहिला, त्याच देशाकडून १९६३ मध्ये मिग-२१ भारतात आलं. चौधरी २९ डिसेंबर १९८२ रोजी लढाऊ शाखेत दाखल झाले, तेव्हा वायुदलाचा कणा हेच विमान होतं. मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई-३० अशा विमानांवर मिळून त्यांचं उड्डाण ३,८०० तासांच्या वर गेलं.

इथे लोक विचारतात, "मग त्यांनी विमानं किती पाडली?" या प्रश्नाचा मला मनापासून त्रास होतो. शांततेच्या काळातल्या वैमानिकाची कारकीर्द पाडलेल्या विमानांनी मोजत नाहीत. चौधरी 'अ' श्रेणीचे उड्डाण प्रशिक्षक होते. दुसऱ्याच्या हातात विमान देऊन त्याची चूक नेमक्या क्षणी सावरायची, हे स्वतः उडवण्यापेक्षा अवघड काम आहे. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि झांबियातही त्यांनी शिकवलं. सियाचीनवरच्या 'मेघदूत' आणि कारगिलच्या वेळच्या 'सफेद सागर' या दोन्ही मोहिमांत ते उडाले. ऑगस्ट २०२० मध्ये पश्चिम हवाई कमान त्यांच्याकडे आली. गलवानमधल्या चिनी सैन्याबरोबरच्या चकमकीला दीड महिना झाला होता आणि लडाखचं आकाश याच कमानीच्या अखत्यारीत होतं. पुढे प्रमुखपदी झालेल्या त्यांच्या नेमणुकीचा पाया तिथे घातला गेला, असं माझं मत आहे.

प्रमुखपद मिळण्यात जन्मतारखेचा वाटा किती मोठा असतो, हे मात्र कुणी लिहीत नाही. वायुदलप्रमुखाची मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, यांतलं आधी येईल ते. उपप्रमुख साठाव्या वर्षी निवृत्त होतो. चौधरींचे पूर्वसूरी राकेशकुमार सिंह भदौरिया ३० सप्टेंबर २०१९ रोजी उपप्रमुख म्हणून निवृत्त व्हायचे होते आणि नेमके त्याच दिवशी बी. एस. धनोआ प्रमुखपदावरून उतरले. नागपूरचे प्रदीप नाईक जुलै १९४९ चे, त्यामुळे मे २००९ ते जुलै २०११ इतकाच काळ त्यांच्या वाट्याला आला. चौधरींना ३० सप्टेंबर २०२१ पासून पूर्ण तीन वर्षं मिळाली. कर्तृत्व सारखं असलेले किती अधिकारी चार महिन्यांच्या फरकाने मागे राहतात, ते आम्ही पाहत आलो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा वाद. प्रमुख लढाऊ वैमानिकच का? २००७ साली फली मेजर आले, ते हेलिकॉप्टर शाखेतून आलेले पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर पुन्हा लढाऊ वैमानिकांचीच रांग. युक्तिवाद असा, की ज्याने स्वतः आठ-नऊ 'जी'चा, म्हणजे आपल्याच वजनाच्या आठ-नऊपट, भार अंगावर घेतला, त्यानेच तरुणांना मृत्यूच्या तोंडी पाठवायचा निर्णय घ्यावा. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण हवाई युद्ध लढलं कुठे जातं, ते एकदा जवळून पाहायला हवं.

अंधारी केबिन. समोर पडदा, त्यावर दोन ठिपके. जुन्या रडारची अँटेना मिनिटाला सहा फेऱ्या मारायची, म्हणजे दर दहा सेकंदांनी नवी जागा कळायची. दोन विमानं समोरासमोर, प्रत्येकी तासाला ९०० किलोमीटर वेगाने. दोघांमधलं अंतर सेकंदाला पाचशे मीटरने घटतं. अँटेनाची पुढची फेरी येईपर्यंत पाच किलोमीटर संपलेले असतात. चायनाग्राफ पेन्सिलीने पडद्यावर खूण करायची, पुढची जागा मनात काढायची आणि वैमानिकाला दिशा, उंची, अंतर सांगत राहायचं. त्याला लक्ष्य गवसलं की तो म्हणतो, "जूडी." त्या शब्दापर्यंत विमान त्याच्या हातात असलं तरी लढाई तुमच्या डोक्यात चाललेली असते. मग एकदम शांतता, आणि हात मोकळे. आता गणितं संगणक करतो, पण निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

२७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी विमानांशी झुंजलेले वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचं नाव घराघरात पोचलं, ते योग्यच होतं. त्या दिवशी रडारसमोर बसून त्यांना सावध करणाऱ्या मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा पदक मिळालं. भिलाईच्या एका कार्यक्रमात मी हे नाव घेतलं तेव्हा सभागृहात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मे २०२५ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये देशभरची रडारं आणि क्षेपणास्त्र तळ एका जाळ्यात बांधणाऱ्या यंत्रणेने काय केलं, ते साऱ्यांनी ऐकलं. त्या यंत्रणेतलीच एस-४०० क्षेपणास्त्रं चौधरींच्या कार्यकाळात दाखल होऊ लागली.

चौधरींबद्दल मला आदर आहे तो याही कारणाने. ८ ऑक्टोबर २०२२ ला चंडीगडमध्ये त्यांनी 'वेपन सिस्टीम्स' ही नवी शाखा जाहीर केली, स्वातंत्र्यानंतरची पहिली नवी लढाऊ शाखा. जमिनीवरून जमिनीवर मारा करणारी क्षेपणास्त्रं, जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं, वैमानिकरहित विमानं, आणि दोन वा अधिक जणांच्या विमानांतले शस्त्रप्रणाली चालक, असे तिचे चार प्रवाह. जमिनीवर बसून लढणाऱ्याला लढवय्या मानण्याची ही सुरुवात होती आणि ती एका लढाऊ वैमानिकाने केली. फायटर कंट्रोलर मात्र अजून प्रशासकीय शाखेतच मोजला जातो. पाचवा प्रवाह आमचा असावा, ही मागणी मी सोडलेली नाही.

इथल्या सेक्टरमधली मुलं चष्मा लागला म्हणून उड्डाणासाठी नापास होऊन येतात आणि वायुदलाचं दार बंद झालं असं समजतात. त्यांना मी आधी ती पाच किलोमीटरची दहा सेकंदं समजावतो. मग अर्ज कुठे करायचा ते सांगतो.