कंसातलं नाव

आमच्या रविवारच्या ऑनलाइन वर्गात मी मुलांना एकदा एक काम दिलं होतं: आपल्या घराण्याची वंशावळ काढून आणा. आत्या, मावशी, काका, मामा हे शब्द नुसते पाठ करण्यापेक्षा माणसं कागदावर मांडली की नाती लवकर समजतात. नमुना म्हणून मी माझीच वंशावळ काढून दाखवली. आजोबांच्या नावाशेजारची जागा मी रिकामी ठेवली.

एका मुलीने विचारलं, "ताई, तुमच्या आजोबांना भाऊ-बहीण नव्हते?"

"नाही, ते एकटेच होते," मी म्हणाले.

मला घरी तसंच सांगितलं होतं.

त्या डिसेंबरात मी गावी गेले. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कराडजवळ आहे. घराचं छप्पर बदलायचं होतं, म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढलं होतं. त्यात आजोबांची लोखंडी ट्रंक होती. बाबा म्हणाले, "आलीच आहेस तर या कागदांचे फोटो काढून ठेव. वाळवी लागायच्या आत." माहिती नीट लावून ठेवणं हे तर माझं रोजचंच काम. मी आनंदाने बसले.

सगळ्यात वर शाळा सोडल्याचे दाखले होते. बाबांची जन्मतारीख १ जून. काकांचीही १ जून. मी हसायलाच लागले. तुमच्याही घरात १ जूनला जन्मलेलं कोणीतरी नक्की सापडेल. पूर्वी खेड्यात मुलाची नेमकी जन्मतारीख घरच्यांना माहीत नसायची. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मग गुरुजी अंदाजाने वय धरायचे आणि १ जून लिहून टाकायचे. कागदावर लिहिलेलं सगळं खरंच असतं असं नाही, हा पहिला धडा मला तिथेच मिळाला.

त्याखाली मोडी लिपीतला एक कागद होता. मोडी ही मराठी लिहायची जुनी, जलद लिपी. आधी एक सरळ रेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरं लिहीत जायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही करत नसत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकांचे व्यवहार या लिपीत चालायचे. मला एक अक्षर कळेना. मी कागदाचा फोटो मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना पाठवला. त्यांनी दोन दिवसांत वाचून दिला. पणजोबांनी सावकाराकडून ७५ रुपये कर्ज घेतलं होतं, त्याचा तो रोखा होता. तारीख शके १८५९ ची. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १९३७.

जो कागद मला वाचता येत नव्हता तो असा लगेच उलगडला. वाचता येणाऱ्या कागदांनी मात्र माझी झोप घालवली.

ट्रंकेत जमिनीचा एक जुना सात-बारा होता. सात-बारा म्हणजे शेतजमिनीचा उतारा. जमीन कोणाच्या नावावर आहे हे 'गाव नमुना सात'मध्ये लिहितात आणि तिच्यात कोणतं पीक आहे हे 'गाव नमुना बारा'मध्ये. जुने उतारे तलाठी हाताने लिहायचे. एखाद्याचा हक्क संपला की त्याच्या नावाला कंस करायचे. म्हणजे नाव वाचता येतं, पण ते आता चालत नाही.

१९६४ सालच्या त्या उताऱ्यावर आजोबांचं नाव होतं आणि त्याच्याखाली कंसात एका बाईचं नाव होतं. आडनाव आमचं नव्हतं.

"बाबा, ही कोण?"

बाबांनी चष्मा लावला, कागद पाहिला आणि परत दिला. "असेल कोणी लांबची. जुनं आहे ते."

मी खालचे कागद काढले. एक फेरफाराची नक्कल होती. जमिनीच्या नावात बदल झाला की त्याची नोंद होते, तिला फेरफार म्हणतात. १९६१ च्या त्या नोंदीत लिहिलं होतं: पणजोबा मयत, वारस दोन. एक मुलगा, एक विवाहित मुलगी. मुलगा म्हणजे माझे आजोबा. म्हणजे आजोबांना सख्खी बहीण होती!

तिसरा कागद १९६३ सालचा होता, स्टँपपेपरवर लिहिलेला. त्याचं नाव हक्कसोडपत्र. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला आणि वडिलांच्या हिश्शात मुलींनाही वाटा मिळू लागला. पण कायदा बदलला तरी रीत बदलली नाही. बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा, तशी सही द्यायची आणि साडीचोळी घेऊन सासरी जायचं, हे घरोघरी चाले. नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही भीती असायची. अजूनही अनेक घरांत असंच चालतं.

कागदात लिहिलं होतं की हा हक्क मी 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' सोडत आहे. म्हणजे कोणी जबरदस्ती केली नाही, सगळं समजून केलं. खाली सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता. शेजारी लिहिलं होतं, 'निशाणी अंगठा'. लिहिता न येणारी माणसं सहीऐवजी अंगठा उठवायची.

इथपर्यंत मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. मग ट्रंकेच्या तळाशी एक पोस्टकार्ड सापडलं.

पोस्टकार्ड तिचंच होतं. वडिलांना लिहिलेलं. खोकला बरा आहे का, बांधावरच्या आंब्याला मोहोर आला का, दादाला म्हणावं भाऊबीजेला न्यायला ये, असा मजकूर होता. अक्षर मोठं आणि गोल, शाळेतल्या मुलीसारखं. शेवटी सही. पोस्टाचा शिक्का पुसट झाला होता, पण तिने पत्त्यात जिल्हा 'दक्षिण सातारा' लिहिला होता. आजच्या सांगली जिल्ह्याचं हे जुनं नाव. १९४९ ते १९६० एवढीच वर्षं ते नाव होतं. म्हणजे पत्र हक्कसोडपत्राच्या आधीचं.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जिला पत्र लिहिता येत होतं, सही करता येत होती, तिने काही वर्षांनी अंगठा का दिला?

कामावर दोन नोंदी जुळल्या नाहीत की आम्ही कुठली तरी एक चुकीची धरतो. इथे कुठली चुकीची? पत्र तिने दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल? पण वडिलांच्या खोकल्याबद्दल आणि आंब्याबद्दल इतकं घरचं कोण सांगून लिहील? मग माझ्या मनात वाईट शंका आली. तो अंगठा तिचा नसेलच तर? आजोबांनी दुसऱ्याच बाईला उभं केलं असेल तर? आजोबा मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे. मला रात्रभर झोप लागली नाही.

आणखी एक गोष्ट होती. २००६ मध्ये मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा फी भरायला बाबांनी वीस गुंठे जमीन विकली होती. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो, म्हणजे अर्धा एकर. ती याच जमिनीतली. माझी पदवी, नोकरी, परदेशातलं घर, सगळं त्या वीस गुंठ्यांवर उभं आहे.

सकाळी मी बाबांसमोर तीनही कागद आणि पोस्टकार्ड ठेवलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला माहीत होतं गं. माझी आत्या ती. मी सात-आठ वर्षांचा असेन. भाऊबीजेला यायची, माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आणायची. मग यायची बंद झाली. मी एकदा विचारलं, तर तुझ्या आजोबांनी मारलं. परत नाही विचारलं."

"आणि नंतर? मोठं झाल्यावर?"

"नंतर उशीर झाला होता," बाबा म्हणाले. "आणि लाजही वाटत होती."

पोस्टकार्डावर वाळवा तालुक्यातल्या गावाचं नाव होतं. बाबांनीच दोन-चार ठिकाणी फोन करून नंबर मिळवला. आत्याआजी कधीच गेली होती. तिची मुलगी, म्हणजे बाबांची आतेबहीण, फोनवर आली. नात्याने ती माझी आत्या. सत्तरीच्या पुढची. आम्ही कोण हे कळल्यावर ती आधी काही बोललीच नाही. मग बाबांना म्हणाली, "लई वर्षांनी आठवण झाली की."

थोड्या वेळाने मी भीत भीत विचारलं, "आत्या, आत्याआजींना लिहिता येत होतं का?"

"न यायला काय झालं? चौथी झाली होती आई. गल्लीतल्या बायकांची पत्रं तीच लिहायची."

"मग त्या कागदावर अंगठा कसा?"

"मी होते की तिच्याबरोबर. धा वर्षांची असंन. कराडला हापिसात गेलो. साहेबानं विचारलं, बाई, सही येते का? आई म्हणाली, नाही येत. मामानं तिच्याकडं बघितलं, पण बोलला नाही. घरी आल्यावर माझ्या वडलांनी विचारलं, तुला सही येती की, मग अंगठा का दिलास? आई म्हणाली, भावानं मागितली म्हणून जमीन दिली. पण कागदात राजीखुशी लिहिलंय. त्याच्याखाली मी माझं नाव लिहिणार नाही."

फोनवर तिघंही गप्प झालो.

आजोबांनी खोटी बाई उभी केली नव्हती, याचं मला बरं वाटलं. पण फार वेळ नाही. बहीण खोटं बोलते आहे हे त्यांना तिथेच कळलं होतं. का बोलते आहे हेही कळलं असणार. तरी त्यांनी तो कागद घेतला. मग तिला भाऊबीजेला बोलवायचं तोंड त्यांना राहिलं नसेल.

मी आत्याला जमिनीबद्दल, माझ्या फीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "तू शिकलीस ना? मग झालं. तुझ्या बाबाला म्हणावं, दिवाळीला ये."

यंदा बाबा भाऊबीजेला वाळव्याला जाऊन आले. साडी घेऊन गेले होते. आत्याने ओवाळलं आणि येताना शेंगदाण्याचे लाडू दिले. साडीने वीस गुंठे फिटत नाहीत, हे बाबांनाही कळतं आणि मलाही. त्याचं काय करायचं, हे आमचं अजून ठरलेलं नाही. पण आता त्यावर घरात बोलणं होतं.

आत्याआजीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. आत्या म्हणाली, "गोष्ट सांग, नाव छापू नको." सुट्टीनंतरच्या पहिल्या वर्गात मात्र मी वंशावळ पुन्हा काढली. आजोबांच्या शेजारच्या रिकाम्या जागेत तिचं पूर्ण नाव लिहिलं, कंस न करता.

तीच मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही तर म्हणाला होतात, ते एकटेच होते."

"मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी नीट विचारलंच नव्हतं."