तात

आमच्या घरातलं पिंजण १९९८ साली चुलीत गेलं. मला शाळेत नोकरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात. जबरदस्ती कुणी केली नव्हती. मीच अब्बांना म्हणालो होतो, आता हे खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडू नका, माझ्या वर्गातली पोरं बघतील. अब्बा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी अम्मी अंघोळीचं पाणी तापवत होती. तिने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं, तेव्हा ते कसलं आहे ते मला कळलं. वर्षानुवर्षांच्या तेलकट हातांनी गुळगुळीत झालेलं लाकूड. धूर न करता जळलं.

हे सगळं आठवायचं कारण सध्या आमच्या बैठकीच्या खोलीत टेबलाला स्क्रूने आवळून बसवलेलं एक यंत्र आहे. बॅडमिंटनच्या रॅकेटला गटिंग करायचं मशीन.

‘गटिंग’ हा शब्द मी इतकी वर्षं ऐकत होतो. रॅकेटची जाळी तुटली की पोरं म्हणतात, गटिंग करून आणायचंय. मशीन घेतल्यावर जरा वाचायला लागलो आणि मग डोक्यात उजेड पडला. इंग्रजीत गट म्हणजे आतडं. टेनिसच्या आणि बॅडमिंटनच्या रॅकेटला पूर्वी आतड्याची तार लावत, म्हणून गटिंग. फ्रान्समधल्या ल्यों शहरात बाबोला नावाच्या घराण्याने १८७५ साली टेनिससाठी अशी तार पहिल्यांदा बनवली. आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्या काळातही चांगल्या रॅकेटला आतड्याचीच तार असायची. नायलॉन नंतर सगळीकडे पसरलं. थोडक्यात, गटिंग म्हणजे तात. अब्बांच्या पिंजणाला जी बांधलेली असायची तीच.

ज्यांनी पिंजारी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषभर लांबीचं लाकडी धनुष्य, त्याला बकऱ्याच्या आतड्याची पिळदार तात. धनुष्य कापसावर धरायचं आणि हातातल्या लाकडी ठोकळ्याने तात छेडायची. तात थरथरते, तिला चिकटलेला कापूस सुटतो, फुलतो, उडतो. अब्बा गल्लीत शिरले की आधी तो आवाज शिरायचा, मग अब्बा. पावसाळ्यात तात सर्द होऊन ढिली पडायची. ती कोरड्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या वर टांगलेली असायची. ढिली आहे की ताठ हे ते बोटाने दाबून बघत नसत. एकदा छेडायचे, कान द्यायचे, आणि खुंटी आवळायची की नाही ते ठरवायचे.

गाद्या भरायला बोलावणाऱ्या काही घरांत त्यांना ओट्याच्या पुढे येऊ देत नसत. तात आतड्याची ना! आणि टेनिसमधली सगळ्यात महाग तार आजही गुरांच्या आतड्यापासूनच होते. विम्बल्डनमध्ये पांढरेशुभ्र कपडे घालून तिने चेंडू मारतात. तिथे कुणी कुणाला ओट्यावर थांबवत नाही.

असो. मशीन घरात कसं आलं ते सांगतो.

माझी मुलगी अकरावीत आहे, बॅडमिंटन खेळते. आमच्या येवल्यात पैठणीची दुकानं मोजता येणार नाहीत, पण रॅकेटला नीट गटिंग करून देणारं कुणी मला सापडलं नव्हतं. तार तुटली की रॅकेट नाशिकला पाठवायची. जवळपास ८० किलोमीटर. कुणी जाणारं असेल तर त्याच्या हाती, नाहीतर एसटीने. तिकडून परत यायला तीन दिवस, कधी आठ. गेल्या वर्षी सतरा वर्षांखालच्या निवड स्पर्धेच्या आधी नेमकी तार तुटली. रॅकेट नाशिकमध्ये, पोरगी कोर्टवर. मैत्रिणीची उसनी रॅकेट घेऊन खेळली आणि दुसऱ्या फेरीत हरली. रडली नाही. घरी येऊन मोबाइल घेऊन बसली आणि रात्री मला म्हणाली, “पप्पा, मशीन १८ हजाराला येतं.”

हप्त्याने घ्यायचं तर व्याज, आणि व्याजाचं आमच्या घरात जमत नाही. बायकोची भिशी त्याच महिन्यात लागली होती. त्या पैशातून तिला फॉल-पिकोचं मशीन घ्यायचं होतं. येवल्यात त्या कामाला मरण नाही. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पैसे आणून ठेवले आणि म्हणाली, “मशीनच घ्यायचं होतं, हेही मशीनच.” ते वाक्य तिने मनापासून म्हटलं होतं असं मला आजही वाटत नाही.

मशीन अगदी साधं निघालं. फ्रेम सहा ठिकाणी पकडून ठेवणारी बैठक, तार धरणारे दोन चिमटे, आणि बाजूला एक दांडा ज्यावर वजनाचा गोळा सरकतो. तारेचं टोक दांड्याच्या मुळाशी असलेल्या जबड्यात धरायचं आणि दांडा सोडायचा. तो आडवा येऊन थांबला की ओढ बरोबर. गोळा जितका टोकाकडे, तितकी ओढ जास्त. विजेवर चालणारी यंत्रं याच्या तिप्पट-चौपट किमतीची असतात. हाताने फिरवायची एक जात आहे, ती ठरलेल्या ओढीला येऊन अडकते आणि तिथेच थांबते. मग तार पुढे सैलावली तरी तिला पत्ता नसतो. दांडा मात्र तार सैलावेल तसा खाली येत राहतो, ओढणं सोडत नाही. हे कळल्यावर मला १८ हजार थोडे कमी वाटायला लागले.

पहिली रॅकेट मी फोडली. जुनी होती म्हणून वाचलो.

चूक अशी. मुलीला २४ पाउंड ओढ लागते, म्हणजे एका तारेला जवळपास ११ किलो. उभ्या तारा २२. गुणून बघा, २४० किलो होतात. आणि ज्या फ्रेमवर ही ओढ बसते तिचं वजन ८५ ग्रॅमच्या आसपास. म्हणून उभ्या तारा मधून सुरू करायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही बाजू बरोबरीने वाढवत न्यायच्या. मी शहाण्याने डावी बाजू पूर्ण भरून घेतली, म्हटलं उजवी नंतर निवांत भरू. अकराव्या तारेला टक्क असा आवाज झाला. मुलगी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त फ्रेमवरून बोट फिरवलं आणि चीर कुठवर गेली आहे ते बघितलं.

आडव्या ताराही तितक्याच अवघड. उभ्या तारांनी फ्रेम आखूड आणि रुंद झालेली असते. तिला परत आकारात आणायला आडव्यांना दोन पाउंड जास्त द्यावे लागतात. आणि त्या विणाव्या लागतात, एक वरून, एक खालून, एका बाजूपासून दुसरीपर्यंत. एखादं घर चुकलं की सगळं उसवा. पहिल्या रॅकेटला, म्हणजे न फुटलेल्या पहिल्या रॅकेटला, मला पावणेचार तास लागले. मग्रिबला बसलो तो इशाची अजान होऊन गेली तरी मी तिथेच, हातात मोच्याची आरी घेऊन भोकं मोकळी करतोय.

आमच्या भिंतीला भिंत लागून पैठणी विणणाऱ्या काकांचं घर आहे. त्यांचा धोटा आणि फणीचा आवाज लहानपणापासून ऐकत आलोय. ते एकदा सहज डोकावले आणि बराच वेळ उभे राहिले. मी आडवी तार सरळ ओढत होतो, एकाच जागी घासत.

“मास्तर, कापताय तुम्ही उभ्या धाग्याला.”

“मग कसं ओढू?”

“कमान करून न्या. आम्ही बाणा टाकतो तो कधी सरळ नसतो. सरळ टाकला तर काठ आत ओढले जातात.”

आमच्याकडे काठ आत ओढले जाणं हा प्रश्न नव्हता. प्रश्न नायलॉनवर नायलॉन एकाच ठिकाणी घासून खाच पडण्याचा होता. पण उपाय तोच निघाला. तार वर-खाली हलवत, कमान करून ओढली की घासणं वाटलं जातं. त्यांनी आणखी एक सांगितलं ते मात्र जसंच्या तसं लागू पडलं, ताणा सगळा एका जिवाचा पाहिजे. एक धागा ढिला राहिला तर तो पुढे कुठेतरी दिसतोच.

तो दिसण्याआधी अब्बांना ऐकू आला. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. कापसाच्या धुळीने छाती कायमची घरघरते, पण कान शाबूत आहेत. चौथी का पाचवी रॅकेट झाली तेव्हा ते पलंगावर बसून तसबीह फिरवत होते. हात पुढे केला. मी रॅकेट दिली. त्यांनी अंगठ्याच्या नखाने एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत तारा छेडल्या, एकदाच.

“ये बाजू कम बोल रही।”

मी मोबाइल काढला. तारेच्या आवाजावरून ओढ सांगणारं ॲप मिळतं. त्याने सगळ्या जाळीचा मिळून एकच आकडा दिला, आणि तो ठीक होता. तरी डावीकडच्या तारा बोटाने दाबून बघितल्या तर शेवटच्या तीन मऊ. चिमट्याचे दात गुळगुळीत होते, तार हळूच निसटत होती. स्पिरिटने चिमटे पुसले, स्क्रू अर्धा वळसा आवळला. तेव्हापासून प्रत्येक रॅकेट आधी पलंगाकडे जाते.

इथपर्यंत सगळं गोड. यापुढचं सांगायला मला थोडा संकोच वाटतो.

मुलीचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. तिने एक दिवस मला न विचारता स्टेटस ठेवलं, ‘गटिंग करून मिळेल, तारेसह’. दोनशे मीटरचं रीळ आणलं तर वीसेक रॅकेट होतात, सुटी तार घेण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, असा तिचा हिशोब. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे माझ्या शाळेतला एक विद्यार्थी. तो वडिलांबरोबर गाडीवर आला. वडील दारात उभे राहून म्हणाले, “सर, तुमच्याकडे गटिंग करतात ना?” आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, “नाही नाही, मुलीचा छंद आहे, असंच.” पैसे घेतले नाहीत. ते गेल्यावर मुलीने विचारलं, “छंद का म्हणालात?” अब्बा पलंगावर होते. त्यांनी ऐकलं.

गंमत बघा. माझ्या नोकरीत माझ्या जातीच्या दाखल्याचा वाटा आहे. दाखल्यावर लिहिलंय पिंजारी. मुलीच्या पडताळणीसाठी मी गेलं वर्षभर कागद गोळा करतोय. आपल्यापैकी अनेकांना ही कसरत माहीत आहे. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’. (१३ ऑक्टोबर ही तारीख आम्हा येवलेकरांना पाठ आहे ती वेगळ्या कारणाने. १९३५ साली याच दिवशी बाबासाहेबांनी इथे धर्मांतराची घोषणा केली.) कागद कमी पडला की विचारणा होते, परंपरागत धंदा कोणता, त्याचं काही साधन घरात आहे का? चौकशीला आलेल्या माणसाने अब्बांना हे विचारलं तेव्हा मी शेजारी होतो. अब्बा म्हणाले, “था।” बस्स एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आपल्याकडे बयानात हजरत मन्सूर हल्लाज यांचं नाव निघालं की माना डोलतात. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. ९२२ साली बगदादमध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला, आणि आमच्यातले कितीतरी लोक त्यांच्याच नावावरून मन्सुरी लावतात. ते नाव चालतं. खांद्यावरचं पिंजण चालत नव्हतं. मला चालत नव्हतं, दुसऱ्या कुणाचं कशाला सांगू.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचे मुलीने स्वतः पैसे घेतले, मी आतल्या खोलीत होतो. आता आठवड्याला तीन-चार रॅकेट येतात. बायकोच्या भिशीचे पैसे फेडायचा हिशोब वहीत चालू आहे, फॉल-पिकोचं मशीन दिवाळीनंतर. कापून काढलेली जुनी तार गल्लीतली पोरं पतंगाला मागायला येतात. येवल्याची संक्रांत आणि आसारी, पोरांना दुसरं सुचत नाही. नायलॉन आहे, पाखरांचे गळे कापेल, म्हणून आम्ही ती बोटभर तुकडे करूनच टाकतो.

एक लांब तुकडा मात्र परवा अब्बांनी मागून घेतला. कुठूनतरी बांबूची कांब मिळवली, वाकवली, तार बांधली. छेडली. पुन्हा आवळली, पुन्हा छेडली.

“गूंगी है,” म्हणाले आणि बाजूला ठेवली. मग विचारलं, “वो असली, आतडी की, अब कितने को आती?”

मी सांगितलं, टेनिसची चांगली घ्यायची तर तीन-साडेतीन हजारांच्या पुढे.

“पूरे रीळ की?”

“एका रॅकेटची.”

ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले, बहुधा गाद्या. मग हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, मुलीने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन, दाढी पुसून, हसू पुरतं ओसरायच्या आत म्हणाले, “फिर अपना काय को जलाया रे?”

मी तार जबड्यात धरली होती. दांडा हळूहळू खाली येत होता.