बिजलीचा डबा

९ फेब्रुवारी २०२५, तासगाव
बिजली घरी आली. कारवान जातीची, दोन महिन्यांची, अंगाच्या मानाने पाय लांबच लांब. जिथून आणली ते जतकडचे. त्यांच्याकडे आजोबांपासून कारवानच. खायला काय घालता, असं विचारलं तर म्हणाले, "दूध-भाकरी, मधूनमधून अंडं. आणि वहिनी, पोट तट्ट भरू देऊ नका. पळणारं जनावर आहे." तूर्त तेच चालू ठेवायचं. आई सुटली, घर सुटलं. त्यात खाणंही बदललं तर पोट बिघडायला वेळ लागणार नाही.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे नेलं. वजन ४ किलो. जंताचं औषध झालं. तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पिल्लाचं पोट टरारलेलं दिसलं की आपण म्हणतो, जेवलंय पोटभर. पुष्कळदा आत जंत असतात.

खाण्याचा हिशोब त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे करून दिला. वजनाचा ०.७५ घात काढायचा, त्याला ७० ने गुणायचं. ४ किलोला साधारण २०० कॅलरी येतात, त्या नुसतं पडून राहण्यापुरत्या. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या तिप्पट, म्हणजे ६००. दिवसातून चार वेळा विभागून.

रात्री भाकरीचा हिशोब मांडला. ६०० कॅलरी नुसत्या ज्वारीतून द्यायच्या तर पावणेदोनशे ग्रॅम पीठ लागेल. त्यात प्रथिनं सतराएक ग्रॅम. वाढत्या पिल्लाला एवढ्या कॅलरींमागे निदान चौतीस हवीत. पोट भरेल, पण अंग धरायला निम्मंच मिळेल. कॅल्शियम तर नावालाच.

१५ फेब्रुवारी
दुधावरून घरात दोन पक्ष. सासूबाईंचं म्हणणं, "पिल्लू दुधावरच वाढतंय की!" वाढतंय, पण कुत्रीच्या. त्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश, अन् दुधातली साखर मात्र कमी. शिवाय पिल्लू मोठं होतं तशी ती साखर पचवायची ताकद ओसरत जाते. आमच्याकडे रतीब म्हशीचा. सकाळच्या वाटीनंतर शी पातळच. दूध बंद केलं, दह्याचा एक चमचा ठेवला. सासूबाईंना दही मान्य आहे, कारण विरजण त्यांचं.

१८ फेब्रुवारी
पिल्लांच्या कोरड्या खाद्याची पिशवी आणली. आठवडाभरात हळूहळू बदल: आज पाव भाग नवं, बाकी जुनं. पिशवीवरचा तक्ता यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "चार किलोचं घर शोध." चार किलोचं घर त्यात नाहीच. पिल्लांच्या खाद्याचा तक्ता बहुधा मोठेपणी किती वजन होणार त्यावर असतो, शेजारी वय महिन्यांत. बिजली वाढून वीस-बावीस किलोंची होईल, तर ती ओळ बघायची. या खाद्यात १०० ग्रॅमला ३७५ कॅलरी. म्हणजे दिवसाला १६० ग्रॅम, एका वेळी ४०. वाटीने मोजलं तर कधी सपाट, कधी शिगोशीग. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला.

२३ फेब्रुवारी
चिकनवाल्याने ओळखीने मानेचे तुकडे बांधून दिले आणि वर सल्ला: "फक्त मटण-चिकनवर ठेवा, वाघ होईल." नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी थोडं. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम राखायला हाडातलं काढून घेतं. पिल्लू दिसायला गुबगुबीत, पण उडी मारली की पाय मोडतो. उलट, हौसेने कॅल्शियमचं टॉनिक पाजणारेही बरेच. डॉक्टर म्हणाले, पूर्ण खाद्य चालू असेल तर टॉनिक नकोच. लहान पिल्लाला जादा कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, आणि मोठ्या चणीच्या जातींत त्याने हाडांची वाढ वाकडी होते.

२ मार्च
बेदाण्याचा हंगाम. शेडवर जाळ्या भरलेल्या, खाली दाणे सांडलेले, आणि बिजलीचं नाक जमिनीला. तासगावात बेदाणा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवायची चीज, कुत्र्याला मात्र तो विष. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. एखादं कुत्रं पचवतं, एखादं थोड्यावर जातं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागे असावं, असं अलीकडे मानतात. शेडवर बिजली साखळीशिवाय येणार नाही. बायकांनाही सांगून ठेवलं.

९ मार्च
शेजारचे काका कुंपणावरून: "पोटाला घालत नाही काय तिला? बरगड्या मोजाव्यात अशी दिसतीय." मी त्यांना हात लावून बघायला सांगितलं. आधी आपल्या मुठीच्या उंच हाडांवरून बोट फिरवायचं, मग पंजा सरळ करून त्याच्या पाठीवरून, मग तळहातावरून. बरगड्या मुठीसारख्या लागल्या तर पिल्लू रोड, तळहातासारख्या दबल्या तर जाड, पंजाच्या पाठीसारख्या लागल्या तर बरोबर. काकांनी डोळे मिटून दोन्हीकडे चाचपलं. "पाठीसारखं लागतंय," म्हणाले, जरा नाराजीनेच.

त्यांना लॅब्राडॉरचं सांगितलं. अमेरिकेत ४८ पिल्लांच्या जोड्या लावून एकाला जेवढं, त्याच्या जोडीदाराला त्याहून पाव हिस्सा कमी, असं जन्मभर घातलं. निष्कर्ष २००२ मध्ये आले: कमी खाणारी साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली, सांधेही उशिरा दुखायला लागले.

१४ मार्च
काल होळी, आज धुळवड. काल पोळी, आज मटण. दोन्ही वेळी ताटासमोर बिजली. रश्शात कांदा-लसूण मसाला, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड टोकदार तुटतं, आतड्यात रुततं. पाहुण्यांपैकी प्रत्येकजण "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणारा. अशी दहा एवढीशी झाली की तिचं जेवणच होतं.

म्हणून डबा. दिवसभराचं खाद्य सकाळी मोजून स्टीलच्या डब्यात. ज्याला लाड करायचे त्याने त्यातला दाणा द्यायचा. वरचं काही द्यायचं ते दहा टक्क्यांत: एक उकडलेलं अंडं, की संपलं.

१६ मार्च
वजन ७ किलो. त्याच सूत्राने ९००, म्हणजे २४० ग्रॅम. आता तीन वेळा. चार महिने झाले की तिपटीऐवजी दुप्पट धरायचं. तेव्हा १० किलो भरली, तर हिशोब येतो ८०० च्या आत. वजन वाढणार आणि डबा उतरणार, हे सासूबाईंना आजच सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "आणि बरगड्या मुठीसारख्या लागल्या तर?" तर डबा वाढवायचा. सूत्र सुरुवातीपुरतं, पुढचं दर आठवड्याला हात लावून. रविवारची ती तपासणी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे.