भेडाघाटचे छप्पर नसलेले देऊळ

नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कलचुरी-चेदी शिलालेखांचा खंड १९५५ साली प्रसिद्ध केला. भेडाघाटचे गोल चौंसष्ट योगिनी मंदिर म्हणजेच शैव आचार्यांचा प्रसिद्ध गोळकी मठ, हे त्यांचे मत वाचल्यापासून तिथे जायचेच, असे मनाने घेतले होते.

जबलपूरच्या लॉजवर रात्रभर ट्रकांचे भोंगे, सकाळी बादलीत गार पाणी. चिडचिड घेऊनच निघालो. धुआंधार धबधबा धावतपळत पाहिला, संगमरवरी कड्यांमधली नावेची फेरी सोडूनच दिली. टेकडीच्या पायऱ्या चढून आत पाऊल टाकले आणि चिडचिड विसरलो.

आतून सुमारे ११६ फूट व्यासाचे वर्तुळ. भिंतीला लागून ओवरी, खांबाखांबांच्या मध्ये एकेक योगिनी, आणि अंगणावर उघडे आकाश. रोमच्या पँथिऑनच्या घुमटात एकच गोल झरोका ठेवला आहे. दहाव्या शतकातल्या त्रिपुरीच्या कारागिरांनी छप्परच घातले नाही. वाटाड्या चौंसष्टचाच घोष करत होता. मूर्तींचे खण आहेत ८१. तंत्रग्रंथांत ८१ योगिनींचे चक्र राजांसाठी सांगितले आहे, असे कला-इतिहासकार विद्या दहेजिया म्हणतात, आणि कलचुरींची राजधानी त्रिपुरी, आजचे तेवर, इथून जवळच. कुणाचे हात गेलेत, कुणाचा चेहराच उरलेला नाही. पण पीठांवर कोरलेली नावे वाचता येतात. मी बराच वेळ ती नावेच वाचत फिरलो.

फिरता फिरता मिराशींचे म्हणणे मात्र पटेना. एक मूर्ती मावेल एवढ्या खणात शिष्य राहणार कुठे, शिकणार कुठे? हे योगिनींचे देऊळ. मठ असलाच तर तो बाहेर कुठेतरी असणार. अंगणातले गौरीशंकर मंदिरही वर्तुळाच्या मध्यावर नाही, एका बाजूला आहे, म्हणजे मागाहून आलेले. आत शिवपार्वती नंदीवर बसलेली आहेत.

राजा गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने ११५५ मध्ये इथे शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा उभारल्याचा शिलालेख भेडाघाटलाच सापडला. मठ आणि व्याख्यानशाळा वेगळ्या बांधाव्या लागल्या, ही नोंद मला माझ्या बाजूची वाटते. तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल यांच्यामार्फत अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे, न्यू हेवनला गेला. निदान त्याची प्रतिकृती, हिंदी-मराठी अनुवादासह, या अंगणात लावलीच पाहिजे.